पुलमनचा गुन्हा काय?

आमच्या गावातल्या एका सरांचा मुलगा अमेरिकेत पुलमनला एमएस करतोय. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत. गाव जेमतेम तेहतीस हजारांचं, आणि कॉलेजचं स्टेडियमही जवळपास तेवढ्याच माणसांचं. म्हणजे मॅचच्या दिवशी अख्खं गाव आत बसू शकतं. मॅच कसली, तर हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलची.

तुम्ही म्हणाल, भाऊ, हे आपल्याला कशाला? सांगतो.

तिकडे कॉलेजांचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत खेळतात. पश्चिम किनाऱ्याचा गट पॅक-12, मूळ 1915चा. दुसरा गट बिग टेन. त्यानं 2022मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरहून मोठा. त्याआधीच लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए तिकडे जायचं ठरवून बसली होती. मग 4 ऑगस्ट 2023ला एका दिवसात आणखी पाच विद्यापीठांनी पॅक-12 सोडली. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कलीही गेली. बारापैकी उरली दोन: पुलमनची वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्वॅलिसची ओरेगन स्टेट.

यांचा संघ वाईट होता का? नाही. मैदान ओस पडलं होतं का? नाही. गाव लहान, टीव्हीसमोरची घरं कमी, एवढाच गुन्हा. हा हिशोब तालुक्याच्या पत्रकाराला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बातमीला किती जागा मिळणार, ते जाहिरातीच किती ते बघून ठरतं.

समर्थक म्हणतात, फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात. खरं आहे. पण मग त्या बाकीच्या खेळांचं काय केलंत ते बघा. यूसीएलएच्या व्हॉलीबॉलच्या मुलींना आता लीगच्या सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत उडावं लागतं, जवळपास चार हजार किलोमीटर. परीक्षा आहेच वर. स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या काठावर, खेळते 'अटलांटिक कोस्ट'मध्ये. बिग टेनमध्ये 18 संघ, बिग 12मध्ये 16. विद्यापीठंच ही, गणित शिकवतात म्हणे.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2021पर्यंत फुटबॉलच्या पोरानं कॉलेज बदललं तर साधारण एक वर्ष त्याला बाकावर बसवायचे. कारण काय, तर शिस्त, निष्ठा, अभ्यास. आणि कुलगुरू शंभर वर्षांचा गट एका दुपारी सोडतात, त्यांना कोण बसवणार बाकावर? ही बहुतेक सरकारी विद्यापीठं आहेत, खासगी क्लब नाहीत. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट तर एकाच राज्याची. थोरल्यानं धाकट्याला रस्त्यावर सोडलं आणि राज्य सरकार बघत बसलं. कॅलिफोर्नियात निदान यूसीएलएनं बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असं ठरलं. म्हणजे नुकसान झालंय हे त्यांनाही कळत होतं.

उरलेल्या दोघांनी कोर्टात जाऊन पॅक-12चा ताबा मिळवला. मी मनातून टाळ्या वाजवल्या. पुढे त्यांनी काय केलं? 2026च्या हंगामासाठी शेजारच्या माउंटन वेस्ट गटातून पाच संघ फोडले. त्या गटानं करारात लिहिलेली भरपाई मागितली, तर ती द्यायला लागू नये म्हणून पॅक-12 पुन्हा कोर्टात.

पुलमनच्या पोराला हे विचारलं. म्हणाला, 'काका, तिकिटं मात्र मिळतायत.'