बॅरोमीटर आणि पोपट

मराठी कथात्म साहित्यातील पाळीव प्राण्यांविषयी आपल्या समीक्षेत जे थोडेफार लिहिले जाते, ते 'प्रतीक' आणि 'वातावरणनिर्मिती' या दोन संज्ञांपलीकडे क्वचितच जाते. पडवीत निजलेला कुत्रा, चुलीपाशी अंग चोरून बसलेले मांजर, दावणीची गाय हे सारे पहिल्या प्रकरणात हजर असतात. पुढे कुठेतरी घरातली माणसे मुंबईला जातात आणि दाराला कुलूप लागते. कुत्रा मरत नाही, शेजाऱ्याला दिला जात नाही. तो केवळ वाक्यांतून नाहीसा होतो. समीक्षकाला याचे काही वाटत नाही. माझ्या मते मात्र हा तपशिलातील किरकोळ प्रमाद नसून वास्तवाच्या आकलनातील दोष आहे.

या विस्मरणाच्या समर्थनार्थ दोन आधार पुढे केले जातात. पहिला फॉर्स्टरचा. कादंबरीतील पात्रे सहसा माणसेच असतात, कारण प्राण्यांच्या मनोव्यापारांविषयी आपल्याला फार थोडे कळते, असे त्याने 1927 साली म्हटले. हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. कुत्र्याच्या मनात काय चालले आहे हे निवेदकाला ठाऊक नसेल. त्याला रात्री भात कोण घालते, हे ठाऊक असायला कसली अडचण आहे?

दुसरा आधार अधिक प्रतिष्ठित आहे. बार्तने 1968 सालच्या आपल्या निबंधात फ्लोबेरच्या 'साधे हृदय' या कथेतील बॅरोमीटरचे उदाहरण दिले. कथेच्या दृष्टीने निरुपयोगी असा हा तपशील 'हे वास्तव आहे' एवढेच सुचवतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. हाच न्याय आपले अभ्यासक पडवीतल्या कुत्र्याला लावून मोकळे होतात. पण त्याच कथेत एक पोपटही आहे, याचा त्यांना विसर पडतो. मोलकरीण फेलिसिते त्याला क्षणभर गवतावर ठेवते आणि तो दिसेनासा होतो. त्याला शोधत ती गावभर धावते. पोपट परत येतो; पण त्या धावपळीत बाधलेल्या थंडीतून तिचे दुखणे सुरू होते आणि शेवटी ती बहिरी होते. पोपट मरतो, पेंढा भरून घेतला जातो आणि तिच्या अखेरच्या श्वासापर्यंत कथेत राहतो. एकाच संहितेत बॅरोमीटर विसरता येतो, पोपट येत नाही. कारण उघड आहे. बॅरोमीटरला दाणापाणी लागत नाही. पाळीव प्राणी ही वस्तू नव्हे. ते कोणाच्या तरी रोजच्या श्रमावर उभे असलेले नाते आहे. प्राणी हरवला की ते श्रम करणारे माणूसही कथेतून हरवते, आणि ते माणूस बहुधा घरातली म्हातारी, सून किंवा गडी असते.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'चे (1971) मोठेपण या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजे. बोलीमुळे तिचे कौतुक पुष्कळ झाले. पण शेतावरचा गडी नारबा हाच निवेदक असल्यामुळे त्या कादंबरीत जनावरांचा हिशेब चुकत नाही, हे तिच्या रचनेचे मर्म आहे. ट्रॅक्टर येतो तेव्हा काय उद्ध्वस्त होते, हे आपल्याला कळते. कारण दावणीला कोण कोण होते, हे आधी नीट सांगितलेले असते. शरच्चंद्रांच्या 'महेश'मध्येही गफूर गाव सोडतो तो आपल्या बैलाचा शेवट झाल्यावर. बैलाला विसरून नव्हे.

यावर आक्षेप येईल, की मग कादंबरी ही गोठ्याची नोंदवही होईल. हा आक्षेप दोन गोष्टींची गल्लत करतो. पात्राने प्राण्याला विसरणे आणि लेखकाने विसरणे या भिन्न गोष्टी आहेत. 'ओडिसी'मध्ये आर्गोस हा कुत्रा सतराव्या सर्गात अवतरतो आणि वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला पाहून तिथेच मरतो. मधल्या वर्षांत घराने त्याला विसरले आहे. तो शेणाच्या ढिगावर, गोचिडांनी भरलेला पडला आहे. पण कवी विसरलेला नाही. धनी नसताना नोकरचाकर कसे वागतात, हे तो त्या कुत्र्याच्या अवस्थेवरून सांगतो. एका परिच्छेदात वीस वर्षांचा जाब दिला जातो. मौनही अर्थपूर्ण असू शकते. मात्र ते मौन आहे, हे वाचकाला कळले पाहिजे.

हा प्रश्न मला वैभववाडीत शिकवताना भेटला. घाटाखालच्या या तालुक्यात बंद घरे ही कल्पना नव्हे. स्थलांतरावरील एका कथेच्या चर्चेत आम्ही परात्मता, मुळे तुटणे वगैरे बोलत असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घराक कुलूप घातला, मग कुत्र्याक जेवूक कोण घालता?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. कथेत न दिलेले उत्तर तिला गावात ठाऊक होते: कुणीतरी मागे राहिलेले असते, आणि तेच घालते. त्या कुणाविषयी आमच्या कथेने आणि समीक्षेने एक वाक्यही लिहिले नव्हते.

कोकणातील स्थलांतराचे साहित्य जाणाऱ्यांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले आहे. राहणाऱ्यांची बाजू लिहायची, तर पडवीतल्या कुत्र्यापासून आरंभ करण्यास हरकत नसावी. तो पहिल्या प्रकरणात आणलाच आहे. आता त्याचे पुढे काय झाले, ते सांगण्याची जबाबदारी लेखकाची, आणि ते विचारण्याची आपली.