ऐकूं येतें, पण समजत नाहीं

रात्रीं जेवणें आटोपून घरची सर्व मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसली, म्हणजे वडीलधाऱ्यांपैकीं कोणीतरी हमखास विचारतें, “काय म्हणाला रे तो?” पहिल्यानें नातू सांगतो, दुसऱ्या खेपेस आवाज वाढवितो, तिसऱ्या खेपेस त्रासून उत्तर देतो, आणि चौथ्यांदा विचारण्याऐवजीं आजोबा मुकाट्यानें आपल्या खोलींत निघून जातात. ह्याचा सगळा दोष म्हाताऱ्या कानांवर ठेवणें न्यायाचें नाहीं.

वर्णोच्चाराचा थोडा विचार करावा. ‘पान’, ‘तान’, ‘कान’ ह्या शब्दांत स्वर तेच; अर्थभेद होतो तो केवळ आद्य व्यंजनानें. स्वरांत ध्वनीचें बळ अधिक, व्यंजनांत अर्थाचें. त, स, श यांसारख्या व्यंजनांची ओळख पटविणारा ध्वनि बराचसा २००० हर्ट्झच्या वर असतो, आणि वयोमानानें कान मंदावतो तोहि प्रथम वरच्या पट्टींतच. म्हणून सरसकट आवाज वाढविला, कीं स्वर, ढोल आणि स्फोट अंगावर येतात. व्यंजनें मात्र मागेंच राहतात.

त्यांत आजकालचे टीव्ही पाटीसारखे पातळ. त्यांचे स्पीकर बहुधा खालच्या अगर मागच्या बाजूस असल्यामुळें शब्द सरळ न येतां भिंतीवर आपटून येतो. याकरितां स्वतंत्र ध्वनिसंच, ज्यास ‘होम थिएटर’ म्हणतात, तो घेणें योग्यच; पण घेतांना एकच प्रश्न पुढें ठेवावा: संवाद कोठून येणार?

५.१ पद्धतीच्या संचांत समोर डावा, उजवा व मधला असे तीन, बाजूंस दोन आणि खर्जासाठीं सबवूफर, असे सहा स्पीकर असतात. चित्रपटाचा संवाद बहुतांशीं मधल्याकडे सोंपविलेला असतो. तो नसला, कीं शब्द वाद्यांच्या कोलाहलांत मिसळतात व त्यांना वेगळें वाढवितां येत नाहीं. साउंडबार घ्यावयाचा असल्यास २.१ मध्यें मधला स्पीकर नसतो, ३.१ मध्यें असतो, हें ध्यानांत ठेवावें. बातम्या व पुष्कळशा मालिका दोनच प्रवाहांत येतात. त्यांतील संवाद मधल्याकडे वळविण्याची सोय संचांत आहे ना, हेंहि विचारावें. दुकानदार खर्जानें भिंती हादरवून दाखवील, त्यास भुलूं नये. पैसे थोडे असतील तर मागच्या स्पीकरांवरचा खर्च वांचवून तो मधल्यावर करावा.

संच घरीं आल्यावर मधला स्पीकर कपाटाच्या खणांत कोंबूं नये. टीव्हीच्या लगत, फळीच्या कडेशीं, बसणाऱ्यांच्या कानांकडे तोंड करून ठेवावा. त्याची पातळी दोन-तीन डेसिबल चढवावी, सबवूफरची उतरवावी. ‘नाइट मोड’ असल्यास तो लावावा. त्यानें मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी होतें. उघडी फरशी आणि मोकळ्या भिंती शब्द घुमवितात. तेथें जाड पडदे आणि सतरंजी बिनखर्चाचें काम करतात.

इतकें करूनहि शब्द निसटत असतील, तर कानाच्या वैद्याकडून श्रवणपरीक्षा करवून घ्यावी. चष्म्याची लाज आपण केव्हांच सोडली. श्रवणयंत्राची कां बाळगावी?

शेवटीं एवढेंच. दुकानांत जातांना तरुण मंडळींनीं आजोबांना किंवा आजींना बरोबर न्यावें, पूर्वीं न पाहिलेला संवाद बेताच्या आवाजांत लावावा, आणि पात्र काय बोललें तें त्यांनाच विचारावें. ज्याच्यासाठीं यंत्र घ्यावयाचें, त्याच्याच कानांनीं त्याची परीक्षा व्हावी.