थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांचा पूर्वपक्ष

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामी येते, तितकीच सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेलीतला मोठा वाटा पाण्याला उचलावा लागतो. महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपमधले प्यूजोचे 2112 सीसीचे एक्सडीपी इंजिन याला अपवाद नाही. सपाट रस्त्यावर हे ओझे जाणवत नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिनावर पुरा भार असतो आणि दुपारचे खारे वारे पाठीमागून येत असतात. रेडिएटरवर समोरून वारा जवळजवळ येतच नाही. जी हवा ओढायची ती पंख्यानेच ओढायची. जुन्या जीपची शीतनव्यवस्था अशा ठिकाणी उघडी पडते आणि तिच्यावरचे उपायही अशाच ठिकाणी जन्माला येतात.

त्यांतला सर्वांत लाडका उपाय थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. पूर्वपक्ष असा: थर्मोस्टॅट ही बर्फाळ देशांची गरज, आपल्याकडे हवाच गरम, मग पाण्याची वाट अडवणारी झडप हवी कशाला? ती काढली की पाणी मोकळे फिरते आणि तापमानाचा काटा खाली येतो. वर मोठा रेडिएटर, विजेचा पंखा आणि साधे पाणी, की झाले. हे सांगणाऱ्याच्या आवाजात अनुभवाचा दरारा असतो आणि त्याच्या फळीवर काढलेल्या थर्मोस्टॅटांची रास असते. काढून टाकलेला भाग पुन्हा बिघडत नाही, एवढ्या अर्थाने हा युक्तिवाद अजिंक्य आहे.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. ठरावीक तापमानाला ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. 82 अंशांचा थर्मोस्टॅट 82 ला उघडू लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो. गाडी घाटात उकळायला लागते तेव्हा तो उघडाच असतो, हे पूर्वपक्षाच्या ध्यानात येत नाही. उघड्या दाराची चौकट उखडून आत जास्त माणसे येतील ती कितीशी? चढावर पाण्याचे तापमान कुठे जाऊन थांबेल हे रेडिएटर, हवा आणि इंजिनावरचा भार ठरवतात. थर्मोस्टॅटचे काम त्याच्या आधीच संपलेले असते.

मग काटा खाली आला तो कसा? आला हे खरेच आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर साठ-पासष्ट अंशांवर रेंगाळते, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी ते थंड पोचते आणि उकळीपर्यंत जायला त्याला जास्त वेळ लागतो. घाट आखूड असेल तर तेवढ्यात माथा येतो आणि उपाय लागू पडल्याची द्वाही फिरते. घाट लांब असला की, फक्त थोड्या उशिराने, बॉनेटखालून वाफ निघतेच. तेव्हा दोष मात्र इंजिनाच्या वयाला दिला जातो.

काही इंजिनांत तर हा उपाय उलटा बसतो. पाणी तापेपर्यंत रेडिएटर टाळून ते इंजिनातच फिरावे म्हणून तिथे आडवाट ठेवलेली असते आणि थर्मोस्टॅट पूर्ण उघडताना खालच्या चकतीने ती बंद करतो. थर्मोस्टॅटच काढला तर आडवाट कायमची मोकळी राहते. पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न फिरकताच पुन्हा इंजिनात शिरतो. थंडाव्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेने गाडी जास्त तापते.

याच पक्षाला विरोध करणारेही कधीकधी चुकीचे हत्यार उचलतात. थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या वेगाने धावते की रेडिएटरमध्ये उष्णता द्यायला त्याला वेळच मिळत नाही, असे ते सांगतात. हे खोटे आहे. तेच पाणी तितक्याच जास्त वेळा पुन्हा रेडिएटरमध्ये येते. वेग वाढला की उष्णतेची देवघेव वाढतेच. खरा मुद्दा गारठ्याचा आहे. थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन अर्धवट जळते, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. गंधकाच्या वायूंना थंड भिंतीवर ओल मिळाली की आम्ल तयार होते, लायनर आणि रिंग झिजतात. इंजिन पाणी पीत नाही म्हणून खूश असलेला मालक काही वर्षांनी ते ऑइल पिते म्हणून तक्रार करतो.

उरला तो उष्ण हवेचा मुद्दा, आणि तो निराधार नाही. रेडिएटर किती उष्णता सोडतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी 90 अंश आणि हवा 20 असेल तर फरक 70 चा. हवा 42 असेल तर 48 चा. वैशाखात रेडिएटरची ताकद सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते. पण या हिशेबातून निघते ते पूर्वपक्षाच्या उलट: पाणी जितके गरम ठेवता येईल, न उकळता, तितका रेडिएटर जास्त उष्णता फेकतो. न उकळता ठेवण्याचे काम रेडिएटरच्या झाकणाचे: ते दाब धरते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. सुमारे 1350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरात उघडे पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. 7 पौंड दाबाचे झाकण धड असेल तर तिथेही सुमारे 108 पर्यंत तग धरते. झाकणाचे रबर कडक झालेले असताना थर्मोस्टॅटवर संशय घेणारे गॅरेज दुर्मीळ नाही.

काहीतरी काढून टाकून गाडी सुधारण्याची ही वृत्ती जुनीच आहे. हवेचा फिल्टर काढला की पिकअप वाढतो, पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढला की अ‍ॅव्हरेज वाढते: हे सगळे वाद होऊन गेले आहेत आणि प्रत्येक वेळी गाडीतून काहीतरी कमी करणारा माणूसच अनुभवी ठरला आहे.

पूर्वपक्षाच्या बाकीच्या उपायांना फार जागा लागत नाही. विजेचा पंखा जुन्या जीपच्या दुबळ्या चार्जिंगवर ओझे टाकतो. मोठा रेडिएटर उपयोगी, पण जाळीची रांग वाढवली तर मागच्या रांगेला पुढच्या रांगेने तापवलेली हवा मिळते. फायदा रांगांच्या प्रमाणात वाढत नाही. साधे पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता वाहते, हे मान्य. पण बोअरचे जड पाणी जॅकेटमध्ये क्षार बसवते, बिडाला गंज आणते आणि पंपाचे सील खाते.

करायचे ते एवढेच. आधी इंजिन आणि रेडिएटर दोन्ही धुऊन काढावेत. रेडिएटर जुना पितळी-तांब्याचा असेल तर टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्यावी. पंख्याभोवतीचा पत्र्याचा श्राउड परत बसवावा. अनेक जीपांतून तो केव्हाच गायब झालेला असतो आणि पंखा जाळीच्या फक्त मधल्या वर्तुळातून हवा ओढतो. पट्टा, होज आणि झाकण नवे. झाकण मात्र मूळ दाबाचेच, कारण जास्त दाबाने जुने डाग उकलतात. थर्मोस्टॅट कधीकधी बंद अवस्थेतच अडकतो हाही पूर्वपक्षाचा एक खरा धागा, म्हणून संशय आला की पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटर धरून तो उघडतो का पाहावे, आणि न उघडल्यास नवा आणावा. भरायला कूलंट आणि शुद्ध केलेले पाणी. घाटमाथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मोकळे चालू ठेवावे, म्हणजे हेडमधली साठलेली उष्णता उभ्या पाण्याला उकळवत नाही. पाणी नव्याने भरल्यावर वरच्या भागात हवा अडकते. ती निघेपर्यंत इंजिन झाकण न लावता चालवावे, आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासावी.