शिडाला विजेची जोड

जलवाहतूक विजेवर नेण्याच्या योजना आज सर्वत्र बोलल्या जात आहेत. कोचीने २०२३ साली बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी बोटी सुरूही केल्या, ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु या चर्चेत एका जुन्या साधनाचे नाव कोणी काढीत नाही. ते साधन म्हणजे शीड.

आइसलंडमधील हुसाविक या लहानशा बंदराने या दोहोंची सांगड २०१५ सालीच घालून दाखविली. १९५१ मध्ये जर्मनीत मासेमारीसाठी बांधलेले आणि पुढे शिडाचे केलेले 'ओपाल' हे गलबत देवमासे पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशांना घेऊन समुद्रात जाते. त्यावर विजेची मोटार बसविण्यात आली. वारा अनुकूल असला की शिडे उभारली जातात. मग धावत्या गलबताखालचे पाणीच पंखा फिरविते, मोटारीचे जनित्र होते आणि बॅटरी भरू लागते. त्यापायी थोडा वेग खर्ची पडतो, हे खरे. पण देवमाशांजवळ जाताना इंजिनाची धडधड नसते, हा लाभ काही लहान नव्हे.

तथापि विजेच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १ लिटर डिझेलपासून इंजिनाच्या दांड्यास सुमारे ३ युनिट काम मिळते. तेवढी वीज साठविणारी बॅटरी २० किलोंच्या घरात जाते. म्हणजे १०० लिटरांच्या बदली सुमारे २ टनांचे ओझे! कित्येक दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरांना बॅटरीचा उपदेश करणे हे निव्वळ पुस्तकी शहाणपण होय. उलट, वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती सुमारे एक-अष्टमांशावर येते. लांबचा पल्ला वाऱ्याने गाठावा आणि बंदरात शिरण्यापुरती किंवा वारा पडल्यास मोटार चालवावी, असा नियम ठेवल्यास थोडकी बॅटरीही पुरते.

कोकणातील होड्यांवर स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी साह्याने इंजिने चढली. ते त्या वेळी योग्यच झाले, कारण वारा पडला म्हणजे मासळी वाटेतच नासत असे. पण शीड उतरले ते उतरलेच. आज मच्छीमाराची मिळकत डिझेल गिळते, आणि त्यावरील कराच्या परताव्याची वाट पाहणे हा आमच्या मच्छीमार संस्थांचा जणू जोडधंदाच होऊन बसला आहे.

सकाळी निघून सायंकाळी किनाऱ्यास लागणाऱ्या लहान होड्यांवर हा प्रयोग अवश्य व्हावा. मात्र बॅटरीचा सारा खर्च आरंभीच करावा लागतो, आणि प्रयोग फसला तर बुडेल ते त्या कुटुंबाचे वर्षभराचे अन्न. यास्तव पहिल्या काही होड्यांचा संपूर्ण भार शासनानेच उचलला पाहिजे. शिवाय ज्या धक्क्यावर होडीला बर्फ आणि डिझेल मिळते, तेथे रात्री बॅटरी भरण्यास वीजही मिळाली पाहिजे. ती सोय होण्यापूर्वी अनुदानाची घोषणा करण्यात अर्थ नाही.