कपाटातील बंदूक

गेल्या पंधरवड्यात आमचे एक जुने वर्गणीदार भेटावयास आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात थोडी भातशेती, काजूची बाग आणि परवान्याच्या दोन बंदुका एवढा त्यांचा पसारा. एक वडिलांपासून चालत आलेली ठासणीची, दुसरी बारा बोअरची दुनळी. २०२१ च्या आरंभी पाच वर्षांसाठी करून घेतलेल्या नूतनीकरणाची मुदत संपण्याच्या बेतात होती, म्हणून नव्या अर्जातील काही रकाने नीट भरून घ्यावेत, एवढ्याच हेतूने ते आले होते. ते काम दहा मिनिटांत आटोपले. त्यानंतरचे दोन तास ते महामारीच्या दिवसांविषयी बोलत राहिले. ज्याच्या घरात शस्त्र आहे अशा एका वृद्ध माणसाने त्या काळाकडे कसे पाहिले, हे ऐकताना शस्त्रविषयक धोरणाची चर्चा आपल्याकडे किती वरवरची होते, हे आम्हास प्रकर्षाने जाणवले.

त्यांच्या बोलण्याची सुरुवात झाली ती परदेशातून. त्यांचा भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरीस आहे. मार्च २०२० मध्ये त्याचा घाबऱ्या आवाजात दूरध्वनी आला की, शस्त्रांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आहेत, शेजारचे लोक बंदुका आणत आहेत, आपणही एक घ्यावी काय आणि घेतली तर कोणती? सुभेदारांनी विचारले, “घरात तांदूळ किती आहे, ते आधी सांग.” भाच्याला उत्तर देता येईना. “मग आधी तांदूळ आण, आणि ज्याच्या भीतीने बंदूक घ्यायला निघालास त्या शेजाऱ्याचं नाव तरी विचारून ठेव,” असा मामांनी सल्ला दिला. त्या राज्यात बंदूक घेण्यासाठी स्थानिक पोलिसांकडून ओळखपत्र मिळवावे लागते. ते हाती येईपर्यंत भाच्याची भीतीही ओसरली, हा भाग वेगळा.

ही भीती एकट्या भाच्याची नव्हती. अमेरिकेत दुकानातून बंदूक विकण्यापूर्वी ग्राहकाची पूर्वपीठिका तपासली जाते. अशा तपासण्यांचा आकडा २०१९ साली सुमारे २ कोटी ८४ लाख होता, तो २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेला. एकट्या मार्च महिन्यात ३७ लाख तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, हे खरे. परंतु वाऱ्याची दिशा कळण्यास तेवढे पुरे. टाळेबंदीत कोणती दुकाने उघडी ठेवावीत याची जी मार्गदर्शक यादी तेथील केंद्रशासनाने २८ मार्च रोजी सुधारून काढली, तीत औषधे व किराण्याबरोबर बंदुकांच्या दुकानांतील कामगारही समाविष्ट होते. विषाणूवर गोळी चालत नाही, हे त्या रांगांतील कोणास ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना भीती होती ती विषाणूनंतर येणाऱ्या माणसांची. म्हणजे उपाशी, बेकार, बेभान झालेल्या शेजाऱ्याची. त्याच वर्षी त्या देशात बंदुकीने ४५,२२२ जीव गेले आणि त्यांपैकी २४ हजारांहून अधिक माणसांनी ती स्वतःवरच चालविली होती. घरफोड्यासाठी उशाशी ठेवलेले शस्त्र निम्म्याहून अधिक वेळा घरच्याच माणसाचा घास घेते, हा हिशेब सुभेदारांना आम्हीच सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. त्या मौनाचा अर्थ आम्हास पुढे कळला.

परदेशाकडे बोट दाखवून स्वतःची पाठ थोपटून घेण्याची सवय मात्र आपण सोडली पाहिजे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशाने दिवे लावले, तेव्हा उत्तर प्रदेशातील बलरामपूर येथे एका महिला पदाधिकाऱ्यांनी करोनाला पळवून लावण्यासाठी हवेत गोळी झाडली आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला. त्या आपल्याच विचाराच्या पक्षाच्या होत्या म्हणून ही गोष्ट झाकून ठेवण्याचे आम्हास कारण दिसत नाही. जल्लोषातील अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगणारी दुरुस्ती संसदेने जेमतेम चार महिन्यांपूर्वी संमत केली होती. “हवेत झाडलेली गोळी हवेत राहत नाही, हे रंगरूटाला पहिल्या आठवड्यात शिकवतात,” एवढेच सुभेदार त्यावर म्हणाले.

डिसेंबर २०१९ च्या त्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोन झाली. मूळ विधेयकात ती एकच होती; वाडवडिलांची शस्त्रे आणि ग्रामीण भागाची गरज यांविषयी लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यावर सरकारने दोनाची मर्यादा मान्य केली, अन्यथा सुभेदारांना वडिलांची ठासणीची बंदूक तेव्हाच द्यावी लागली असती. तिसरे शस्त्र जमा करण्यासाठी एक वर्षाची मुदत होती. ती संपली डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे देशातील असंख्य निवृत्त परवानाधारक घराचा उंबरठा ओलांडण्यास कचरत होते, अशा काळात.

शस्त्रकायद्याच्या बाबतीत आपल्या समाजमनात एक जुनी जखम आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत जो शस्त्रकायदा आला, त्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळे सोडले. त्या अपमानाचा निषेध जहालांनी केला, मवाळांनी केला आणि पुढे गांधीजींनीही केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने तो वंशभेद नाहीसा झाला. परंतु परवानाधारकाकडे संशयिताप्रमाणे पाहण्याची सरकारी वृत्ती पुरती गेली असे म्हणवत नाही. आमच्या या वर्गणीदारांचा अनुभव पाहा. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. त्यापूर्वी, नेमके भात कापून खळ्यावर आले असता आणि रानडुकरांचे कळप रात्री बागेत उतरत असता, बंदुका ठाण्यात जमा करण्याची नोटीस त्यांच्या हाती पडली. ज्या माणसाला शासनाने अठरा वर्षे स्वतःच स्वयंचलित रायफल दिली, त्याची दुनळी गावच्या सरपंचाच्या निवडणुकीत धोका कशी ठरते, हा त्यांचा प्रश्न होता. ठाण्यातील तरुण अंमलदाराने नम्रपणे उत्तर दिले, “काका, यादीत सगळ्यांचीच नावं आहेत.”

ही ‘सगळ्यांची यादी’ हाच दोष आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट जप्तीच्या नाहीत. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सहभागी झालेले अशा परवानाधारकांची छाननी समितीने वेगळी तपासणी करावी, असे त्या सांगतात. एकेक नाव तपासण्याचे कष्ट वाचविण्यासाठी सर्वांनाच एका दावणीला बांधणे सोपे असते. वास्तविक, या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत विनापरवाना गावठी कट्टेच बहुसंख्य असतात आणि कट्टेवाला कोणत्याही निवडणुकीपूर्वी ठाण्याची पायरी चढत नाही. येथे दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेथे आडवा उभा आहे आणि त्याच्याकडे काणाडोळा करणारे महाभाग कोकणात कमी नाहीत. सुभेदार स्वतः केवळ आवाजाचे बार काढतात. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

महामारीच्या पहिल्या वर्षात गावाच्या वेशीवर बांबू आडवे टाकले गेले, तेव्हा काही उत्साही तरुण त्यांच्याकडे आले होते. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना धाक वाटावा म्हणून काकांनी बंदूक घेऊन नाक्यावर बसावे, असा त्यांचा आग्रह. सुभेदारांनी त्यांना दारातूनच परत पाठविले. “जे येणार आहेत ती आपलीच पोरं. त्यांच्यासाठी शाळेत चटया घाला, पाण्याचा ड्रम ठेवा. धाक कसला दाखवता?” गणपतीला आलेल्यांचे दहा दिवसांचे विलगीकरण त्या गावात विनातक्रार पार पडले. शाळेत डबे पोचविणाऱ्यांत सुभेदारांच्या पत्नीही होत्या. अमेरिकेतील रांगा आणि ही शाळा यांतील फरक आपोआप आलेला नाही. अनेक गावांत तो आलाही नाही. तेथे आपल्याच माणसांवर दगड उचलले गेले, हे विसरता कामा नये.

दुसऱ्या वर्षाविषयी ते मोजकेच बोलले. एप्रिल २०२१ मध्ये दोघे पतीपत्नी आजारी पडले आणि उपचार केंद्रातून परत आले ते एकटे. पाठोपाठ मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले, वीज कित्येक दिवस नव्हती, मुलगा मुंबईत अडकलेला. अंधाऱ्या घरात कपाटापुढे आपण किती वेळ बसून होतो, हे आपल्यालाच एका रात्री समजले नाही, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही बंदुका गोणपाटात गुंडाळल्या, काडतुसे मोजून पिशवीत घातली आणि ठाणे गाठले. कोणतीही निवडणूक नाही, नोटीस नाही, न्यायालयाचा आदेश नाही. मग हा माणूस शस्त्र का जमा करतो आहे, हे तेथे कोणालाच उमगेना. कोणत्या नोंदवहीत लिहावे यावर तासभर खल झाला. काही गुन्हा तर घडला नाही ना, असेही त्यांना विचारण्यात आले. अखेर एका ज्येष्ठ हवालदाराने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून चहा मागविला, पावती करून दिली आणि पुढचे काही विचारले नाही. दसऱ्याला चार दिवस असताना, मुलगा सुनेसह गावी आल्यावर, त्यांनी बंदुका परत आणल्या आणि झेंडूची फुले वाहून नेहमीप्रमाणे शस्त्रपूजन केले.

शस्त्रधारणेस कोण पात्र, याची याहून कठोर परीक्षा आम्हास ठाऊक नाही. २०१६ च्या नियमांनुसार परवाना मागताना शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी द्यावी लागते. हे योग्यच आहे. परंतु पन्नाशीत मिळालेले प्रमाणपत्र पंचाहत्तरीतील वैधव्याची, विधुरपणाची, रिकाम्या घराची साक्ष कशी देणार? पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र ठेव म्हणून ठेवण्याची सोय आपल्या व्यवस्थेत आहे. मात्र ती वापरणाऱ्याकडे आज एक तर गुन्हेगार म्हणून पाहिले जाते किंवा विक्षिप्त म्हणून. परिणामी, ज्याला ती वापरण्याची सर्वाधिक गरज आहे, तोच ठाण्यात जाण्यास लाजतो.

सुभेदारांच्या नव्या अर्जात परवान्याच्या प्रयोजनापुढे पूर्वी ‘आत्मसंरक्षण व शेतीसंरक्षण’ असे लिहिलेले असे. या वेळी पहिला शब्द त्यांनी आम्हास लिहू दिला नाही. ठासणीची बंदूक चालविण्याजोगी राहिलेली नाही, तरी ती ठेवायची आहे; वडिलांची म्हणून. दुनळीचा परवाना मुलाच्या नावे करता येईल का, याचीही त्यांनी चौकशी केली. कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक सध्या सुनेकडे असते.

जिल्हा प्रशासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत आणि दोन्हींसाठी नवा कायदा लागत नाही. निवडणुकीपूर्वी शस्त्र जमा करण्याची नोटीस काढायची असेल, तर छाननी समितीने ती व्यक्तीच्या नावानिशी आणि लेखी कारणासह काढावी. सरसकट याद्या बंद कराव्यात. आणि स्वेच्छेने, काही काळापुरते शस्त्र ठेवू इच्छिणाऱ्यासाठी प्रत्येक ठाण्यात स्वतंत्र नोंदवही असावी, जिच्यात कारणाचा रकाना नसावा.