‘नाजूक पिढी’ नावाची पळवाट

मुलगी एमबीबीएसला, व्हायवाच्या आदल्या रात्री हात थरथरतात, दोन महिने धड झोप नाही. वडील म्हणतात, “घरचं जेवण आहे, एसी आहे, फी दिरहममध्ये भरतोय. कसलं डिप्रेशन? आमच्या वेळी असली थेरं नव्हती.” दुबई-शारजातल्या मराठी घरांत हा पूर्वपक्ष सर्रास ऐकू येतो: पिढी लाडावलेली, म्हणून नाजूक.

आता पुरावा बघू. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर २०१६ मध्ये ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं असण्याचं प्रमाण २७.२ टक्के. आणि १९८२ ते २०१५ या काळात ते जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे ‘आमच्या वेळी’ही होतं, फक्त त्याची वाच्यता होत नव्हती.

प्रश्नावलीतले गुण म्हणजे निदान नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण त्याच आढाव्यात काही अभ्यासांनी त्याच मुलांना शिक्षण सुरू होण्याआधी आणि नंतर तपासलं होतं. लक्षणांचं प्रमाण १३.५ टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं. लाड काय प्रवेशाच्या दिवशी सुरू झाले?

आखातातल्या आपल्या मुलांच्या पाठीवर आणखी एक ओझं असतं. भारतात प्रॅक्टिस करायची तर परदेशी शिकण्याआधीही ‘नीट’ हवी. २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथे वर्षभर इंटर्नशिप, मग भारतातली परीक्षा आणि इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. सगळं दहा वर्षांत. अमिरातीतच राहायचं ठरवलं तर तिथल्या लायसन्सची परीक्षा. त्यात मुलगा वडिलांच्या व्हिसावर, तोही पंचविशीपर्यंतच. इंटर्नशिप संपेस्तोवर चोविशी उजाडते. वडिलांची नोकरी डळमळली की पोराचा मुक्कामही डळमळतो. दुबईहून अजमानला जाताना इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमध्ये मांडीवर फिजिऑलॉजी उघडून बसलेल्या पोराच्या डोक्यात हा सगळा हिशेब चालू असतो. एसी गाडीत बसला म्हणून तो सुटत नाही.

मग करायचं काय? ‘मन खंबीर ठेव’ हा उपचार नव्हे. त्या आढाव्यात नैराश्याची लक्षणं आढळलेल्यांपैकी जेमतेम १५.७ टक्के उपचारांपर्यंत पोचले होते. बाकीच्यांना काय अडवतं, ते आपल्या घरात बसून कळतं: ‘रेकॉर्डवर येईल, लायसन्स अडेल, लग्न जमणार नाही.’ अमिरातीच्या २०२३च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेची तरतूद आहे. पण जे सर व्हायवा घेणार, त्यांच्याच केबिनशेजारी समुपदेशक बसत असेल, तर कायदा असून नसून सारखा. समुपदेशक कॉलेजबाहेरचा हवा, त्याच्याकडे गेलेल्या तासाची हजेरी कापली जाऊ नये, कारणही विचारलं जाऊ नये. वडिलांनी जेवताना फीचा आकडा काढणं तर आजच थांबवावं. त्याला ना कायदा लागतो, ना कॉलेजची परवानगी.