घरचे औषध : लवंग आणि लवंगेचे तेल

रात्री दाढ ठणकू लागली की आपल्या घरात पहिली आठवण होते ती मसाल्याच्या डब्यातील लवंगेची. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरावी, हा आजीबाईंचा उपाय खोटा नव्हे. लवंग ही मूळच्या मोलुक्का बेटांतील एका वृक्षाची न उमललेली, वाळविलेली कळी होय. तिच्या तेलात बहुधा शेकडा 70 ते 90 भाग युजेनॉल नावाचे द्रव्य असते व ते दुखरी जागा बधिर करते. दंतवैद्यही हेच द्रव्य झिंक ऑक्साइडमध्ये कालवून किडक्या दातात तात्पुरते भरतात.

परंतु ठणका थांबला म्हणजे कीड गेली, असे मात्र नव्हे. राखणदार निजला म्हणून चोर निघून गेला असे कोण म्हणेल? म्हणून लवंगेने रात्र निभावावी. पण सकाळी दंतवैद्याकडे जाण्याचा आळस करू नये. गालावर सूज वा अंगात ताप असल्यास तर मुळीच थांबू नये.

अख्खी लवंग आणि तिचे तेल यांत फार अंतर आहे. स्वयंपाकात दोन-चार लवंगा पडल्याने कोणाचे काही बिघडत नाही. तेल मात्र अतिशय तीव्र. ते तसेच लावल्यास हिरडी पोळते. एक-दोन थेंब चमचाभर गोड्या तेलात मिसळावे, कापसाच्या बोळ्याने दुखऱ्या जागीच टेकवावे व लाळ थुंकून टाकावी. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ते वापरू नये.

आमच्या माताभगिनींस आमची कळकळीची विनंती मुलांविषयी आहे. दात येणाऱ्या बालकाच्या हिरड्यांस हे तेल चोळू नये. 1993 साली ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पोटात 5 ते 10 मिलिलिटर, म्हणजे एक-दोन चहाचे चमचे, लवंगेचे तेल गेले होते. काही तासांतच तो बेशुद्ध झाला, त्यास झटके आले व यकृत निकामी होऊ लागले. रुग्णालयातील उपचारांनीच तो वाचला.

असा प्रसंग ओढवल्यास मुलास ओकारी करवू नये. तेल फुप्फुसात जाण्याचे भय असते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. आणि मुळात, ही बाटली मसाल्याच्या डब्याशेजारी न ठेवता मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलुपबंद कपाटात ठेवावी. लवंगेची जागा स्वयंपाकघरात, तेलाची औषधांत. एवढे आम्ही पाळले तरी पुष्कळ झाले.